शकूच्या शिरेतली जाळी

कर्जत-खालापूरच्या बाजूला लोक धबधब्यांसाठी जातात, माथेरानसाठी जातात, नाहीतर कुणाच्या शेतघरावर दोन दिवस लोळायला जातात. मी गेलो ते धाकट्या बहिणीच्या, शकूच्या, पोटातल्या शिरेत जाळी बसवायची होती म्हणून. परत बार्शीला आलो तेव्हा जो तो विचारायला लागला, जाळी म्हणजे काय हो, शिरेत कशी बसते? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

माझ्याबद्दल आधी एक सांगायला हवं. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, लिटरच्या मापाला आतून ठोका देऊन बूड वर काढणारे, वजनाचं शिसं कोरून वर रंग फासणारे, असे सगळे नग बघून झालेत. त्यामुळे कुणी मला 'काळजी करू नका' म्हणालं की माझी काळजी तिथून सुरू होते. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या नैवेद्याची वाटीसुद्धा हातात घेऊन तोलता. तोलतो. त्यात चूक काय आहे?

सोमवार, ठाकुरवाडी

भाचा निलेशचा फोन रविवारी आला होता. "मामा, आई गाडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार हाय. आता पाय सुजलाय आन डॉक्टर शिरेत जाळी बसवू म्हणतात." एवढं बोलून तो रडायला लागला. रडणारा माणूस नेहमी खरं बोलतो असं नाही, पण मी पिशवी भरली.

पुण्याहून गाडी धरली. लोणावळा सुटल्यावर घाट सुरू झाला आणि ठाकुरवाडीला गाडी मध्येच उभी राहिली. ना धड स्टेशन, ना माणूस. चार घरं, दोन कोंबड्या, आणि कठड्यावर माकडांची रांग. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, बिघाड आहे का. ते म्हणाले, "नाय ओ, ब्रेक तपासतात. घाट उतरायचाय ना." मला हे फार आवडलं. न विचारता तपासणी करणारं खातं मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

कर्जतला निलेश घ्यायला आला होता. तो खालापूर तालुक्यात एका कारखान्यात कामाला आहे. मी आधी त्याच्या मोटारसायकलीचं मागचं टायर बघितलं. टायर चांगलं होतं. ब्रेक दाबून बघितला, तोही चांगला.

"स्पीडब्रेकर, मामा," तो मान खाली घालून म्हणाला. "नवीन टाकलाय. पांढरा पट्टापण मारला नाय. आई मागच्या मागं गेली."

येताना तो स्पीडब्रेकर त्यानं दाखवला. खरंच पट्टा नव्हता. जवळजवळ निराशाच झाली म्हणा ना, कारण राग काढायला माणूस सापडला नाही.

खालापूर

हॉस्पिटल हमरस्त्यापासून आत आहे. बाहेरून चांगलं चकचकीत, आणि चकचकीत दिसलं की मी सावध होतो. आत शिरल्या शिरल्या सोनोग्राफीच्या खोलीच्या दारावर एक पाटी दिसली: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. त्याच खोलीतलं सोनोग्राफीचं यंत्र चाकांवर ढकलत शकूच्या खाटेपाशी आणलेलं होतं.

शकू अठ्ठावन्न वर्षांची. खाटेवर पडलेली, डाव्या पायाला वजन लटकवून ओढ दिलेली, आणि तोच पाय पोटरीपासून वर दुधी भोपळ्यासारखा फुगलेला. मला बघून हसली. "आण्णा, तू आलास?" एवढंच म्हणाली.

जाळी बसवणाऱ्या डॉक्टर बाई चाळिशीच्या आतल्या. बारीक अंगाच्या, बोलणं तुटक. मी विचारलं, कुठल्या तुम्ही? "इथलीच. दहिवलीची." मी विचारलं, हे यंत्र पोटातल्या मुलाचं ना?

"पोटातलं जे दाखवेल ते दाखवतं," त्या म्हणाल्या. "मूल असेल तर मूल, शीर असेल तर शीर."

मग त्यांनी कागद घेऊन चित्र काढलं. पायात रक्ताची गाठ झाली आहे. ती सुटली तर पोटातल्या मोठ्या शिरेतून वर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाईल, आणि मोठी असेल तर माणूस जागच्या जागी जातो. यावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन असतं, पण शकूच्या डोक्यात आधीच थोडं रक्त साकळलंय. रक्त पातळ केलं तर तिथला स्राव वाढेल. म्हणून पोटातल्या शिरेत एक जाळी सोडायची. कापड काढलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी दिसते ती. रक्त जाऊ देते, गाठ अडवते.

"मग ती मोठ्या एक्स-रेच्या खोलीत का नाही बसवत? इथं खाटेवर का?" मी विचारलं. मला वाटलं, इथं पाणी मुरतंय.

"तिकडे शिरेत रंगाचं औषध सोडावं लागतं. यांना साखर आहे, किडनीचा रिपोर्ट काठावर आहे. त्या औषधानं किडनी बसू शकते. शिवाय पायाची ओढ सोडून हलवायचं म्हणजे गाठ हलायची भीती. सोनोग्राफीत शीर सरळ दिसते. किडनीच्या दोन शिरा जिथे येऊन मिळतात, त्याच्या बरोबर खाली जाळी सोडायची. वर गेली तर किडनीचं रक्त अडू शकतं, वाकडी बसली तर गाठ बाजूनं निसटते. म्हणून बघत बघत बसवायची."

"अशा किती बसवल्यात तुम्ही?"

"सोनोग्राफीवर, एकटीनं? अकरा."

हा आकडा मला पटला. खोटं बोलणारा माणूस शंभर म्हणतो. पण पटला तरी शंका गेली नाही. मी निलेशला बाजूला घेऊन म्हणालो, सोलापूरला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ॲम्ब्युलन्सनं नेऊ. तो म्हणाला, "मामा, घाट चढवून? मधीच गाठ सुटली तर?" शकू डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती.

मंगळवार, पोशीर

मंगळवारी जाळी बसवायची ठरली होती. सकाळपासून शकूला पाण्याचा थेंब नाही. दहा वाजले, बारा वाजले. दोन वाजता नर्स येऊन म्हणाली, आज होणार नाही, द्रुतगती मार्गावर अपघात झालाय, डॉक्टर तिकडच्या पेशंटमध्ये अडकल्यात. मी पुढच्या दरवाज्याशी जाऊन उभा राहिलो. एकही ॲम्ब्युलन्स दिसली नाही. अपघात झालाय म्हणे! साखरेच्या बाईला दोन वाजेपर्यंत उपाशी ठेवून वर ही थाप. शकूचे ओठ कोरडे पडले होते आणि हात थरथरत होते. नर्सनं सुईनं साखर तपासली, मग चहा-बिस्किटं दिली. मी ते सगळं मनात धरून ठेवलं.

संध्याकाळी निलेश मला पोशीरला, त्याच्या घरी, घेऊन गेला. कर्जतवरून नेरळकडे जाताना डाव्या हाताला माथेरानचा डोंगर बरोबर चालतो. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, आणि त्यांतच वालाचे हिरवे पट्टे. पाणी कुठून देता, मी विचारलं. "देत नाय, मामा. भाताची ओल आन दव, त्याच्यावरच येतो." आमच्याकडे ज्वारीसुद्धा जमिनीच्या ओलीवर येते, तरी मी खाली वाकून माती बोटानं उकरून बघितली. ओल होती.

निलेशची बायको मनीषा हिला मी जरा दबकूनच भेटलो. त्यांच्या साखरपुड्यात मी मुलीकडच्यांना जन्मदाखला मागितला होता, आणि शकूचे मालक म्हणाले होते, आण्णा, तुमी पाव्हणे हात, पोलीस नाय. मी न जेवता उठलो होतो. नंतर ते वारले तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो, बस्स. मनीषानं त्यातलं काही काढलं नाही. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी तिनं ताटात टाकली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ही म्हणजे रुमालच, पण मऊ इतकी की मी तीन खाल्ल्या.

जेवणाआधी शेतात पोपटी लावली होती. जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावतात, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा भरतात, तोंडही पाल्यानं गच्च बंद करतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. मी म्हणालो, आतलं जळणार. शेजारचा एक म्हातारा हसला. "मडक्यावर पाणी शिंपडून बघा. चर्रकन सुकलं की झाली पोपटी." तसंच झालं. त्या उग्र पाल्याचा वास शेंगांना लागतो आणि मग हात थांबत नाही.

मनीषा म्हणाली, "आईंना लई आवडते पोपटी. दरवर्षी मडकं त्याच भरतात." म्हणून मी मूठ-दोन मूठ शेंगा आणि दोन अंडी डब्यात भरून घेतली. जाळी बसल्यावर द्यायची, असं तेव्हा मनात होतं. हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहितो आहे.

बुधवार, पुन्हा खालापूर

सकाळी सातला पोहोचलो. निलेश चहाला गेला. शकू म्हणाली, आजपण काय द्यायचं नाय म्हणालेत. मी म्हणालो, आजही दोन वाजवतील, तुझी साखर उतरेल, आणि मग म्हणतील पेशंटची ताकद कमी पडली. या लोकांचे सगळे मार्ग मला ठाऊक आहेत. तिनं डब्याकडे बघितलं. पोपटीचा वास झाकणातूनही येत होता.

मी खाटेचा पडदा ओढला. शेंग सोलायची, दाणे तळहातावर घ्यायचे, तिच्या तोंडात घालायचे. पंधरा-वीस शेंगा झाल्या असतील. वर एक अंडं. ती मुकाट्यानं खात होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी साली पिशवीत घातल्या आणि हात धुतले. जिंकल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

साडेदहाला डॉक्टर बाई यंत्र घेऊन हजर. दोन वाजले नाहीत, बारा वाजले नाहीत. कालचा अपघातही खरा होता, कारण पलीकडच्या खाटांवर कालचेच दोघे प्लॅस्टर घालून पडलेले होते. ॲम्ब्युलन्स मागच्या फाटकातून येतात, हे मला आत्ता कळलं.

त्यांनी शकूच्या पोटावर जेल लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागल्या. पडद्यावर नुसता धुरळा. दाबून बघितलं, कुशीकडून बघितलं, शकूला कळ लागेपर्यंत दाबलं. शीर मध्येच जराशी दिसायची आणि लगेच झाकून जायची.

"परवा मी नुसतं बघून गेले तेव्हा स्वच्छ दिसत होती," त्या म्हणाल्या. "आज आतड्यात सगळा गॅस आहे. गॅसच्या पलीकडचं या यंत्राला दिसत नाही. आजी, काही खाल्लं?"

शकू छताकडे बघून म्हणाली, "नाय ओ बाई. पाणीपण नाय."

बाईंनी नर्सकडे बघितलं. नर्सनं नकारार्थी मान हलवली. निलेश म्हणाला, "काय नाय दिलं, मॅडम." त्याला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. म्हातारा माणूस, कोपऱ्यात पिशवी धरून बसलेला.

"मग झोपून झोपून आतडी मंदावलीत. असं असेल तर उद्याही हेच दिसणार," बाई म्हणाल्या. "अंदाजानं मी जाळी सोडणार नाही. आणि थांबतही नाही, पाय कालपेक्षा जास्त सुजलाय. एक्स-रेच्या खोलीत नेऊ, रंगाचं औषध कमीत कमी वापरू. किडनीला धोका आहे, तो तुम्हाला लिहून देते."

फॉर्म आला. निलेश सही करायला निघाला, मग थांबला. "मामा, तुमी वाचा. तुमाला कळतं यातलं."

मी चष्मा लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचलेत मी. डायलिसिस लागू शकतो, ते वाचलं. जिवाला धोका, ते वाचलं. आणि खाली ओळ होती: रुग्णाने गेल्या आठ तासांत तोंडाने काहीही घेतलेले नाही. पुढे 'होय' वर आधीच खूण केलेली, आणि त्याखाली नातेवाइकाची सही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे चोर पकडणाऱ्याला कधी कळत नाही. मला कळलं. शेंगांमुळे शीर दिसत नव्हती, आणि शीर दिसत नव्हती म्हणून माझ्या बहिणीची किडनी पणाला लागत होती. तोंड उघडलं तर भाचा मला आयुष्यात माफ करणार नाही, आणि नाही उघडलं तर ही ओळ माझ्या हातानं खरी ठरणार. निलेशनं पेन पुढे केलं.

"ही ओळ खोटी आहे," मी म्हणालो. "मी खायला घातलंय. सकाळी सातला. वालाच्या शेंगा. आणि अंडं."

मग डॉक्टर बाईंनी विचारलं, "किती शेंगा?"

"पंधरा. वीस असतील."

"वाल," त्या म्हणाल्या आणि हातातला दांडा पुसून ठेवला. "सांगितलंत ते बरं केलंत. मग हा गॅस उतरणारा आहे. रंगाचं औषध नको. उद्या सकाळी बघू."

"आणि आज गाठ सुटली तर?" मी विचारलं.

"सुटू शकते," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच आज बसवायची होती."

निलेशनं माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला. आवाज चढवला नाही त्यानं. "मामा, तुमी भायेर बसा," एवढंच म्हणाला.

मी बाहेर बसलो. वॉर्डच्या आयानं माझी पिशवी उघडून बघितली, डबा काढून घेतला, खिसेसुद्धा चाचपले. बरोबर तसे, जसे मी दुकानदारांचे गल्ले चाचपायचो. दाराला चौकोनी काच होती. तिच्यातून शकू दिसायची नाही, दुपारी येऊन तिच्याजवळ बसलेल्या मनीषाची पाठ दिसायची. ती पाठ जरा हलली की मी उठून उभा राहायचो. दम लागणं, छातीत कळ येणं, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा असं नर्सनं तिला सांगितलेलं मी ऐकलं होतं. त्या दिवशी मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. रात्र आली आणि गेली.

गुरुवार

सकाळी डॉक्टर बाई आल्या, आत गेल्या. पाच मिनिटांत निलेश दारात आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शीर दिसतेय."

पाऊण तास लागला. चांगल्या पायाच्या जांघेत भूल देऊन, तिथून बारीक नळी वर सरकवून, पडद्यावर बघत बघत जाळी सोडली. मग छोटं एक्स-रे यंत्र आणून पोटाचा एक फोटो काढला. बाईंनी मला आत बोलावलं आणि पडद्यावर गोठवलेलं चित्र दाखवलं. "ही किडनीची शीर. आणि ही तुमची जाळी, तिच्या खाली." मी खूप वेळ बघितलं. मला काळं-पांढरं एवढंच कळलं, खरं सांगायचं तर. पण मी पुन्हा काही विचारलं नाही. त्यांनी एक कार्ड दिलं. डोकं बरं झालं, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, की काही महिन्यांनी जाळी काढायला आणायचं. बरेच लोक विसरतात, म्हणाल्या. "तुम्ही विसरणार नाही असं वाटतं."

सगळे बाहेर गेल्यावर मी शकूजवळ बसलो. विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, खायचं नव्हतं ते?"

"नर्सनं दोनदा सांगितलं व्हतं."

"मग खाल्लंस कशाला? आणि वर खोटं बोललीस?"

"तू सोलून सोलून देत व्हतास रं," ती म्हणाली. "एकेक दाणा बघून. आई गेल्यापासून मला कुणी भरवलं नव्हतं. नाय म्हणवलं नाय. आन चार माणसांत तुला चोर कशी ठरवू? मला वाटलं, जाऊ दे, किडनी तर किडनी."

मला रडू आवरलं नाही. भेटायची वेळ संपली म्हणून नर्स आली, माझ्या हातांकडे आणि पिशवीकडे बघत उभी राहिली. मी उठायला लागलो, तर शकूनं माझी बाही धरली.

"बसू द्या ओ त्याला," ती नर्सला म्हणाली. "आता काय देणार नाय तो मला."